मिसाबंद्याचे घर

ग्वाल्हेरमध्ये दर वर्षी जूनच्या शेवटच्या आठवड्यात एक वाद ठरल्यासारखा उभा राहतो. २५ तारखेला आणीबाणीची आठवण म्हणून एखाद्या सभागृहात वृद्ध मिसाबंद्यांना, म्हणजे १९७५–७७ मध्ये ‘मिसा’ कायद्याखाली खटल्याविना स्थानबद्ध झालेल्यांना, शाल-श्रीफळ दिले जाते, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छायाचित्रे येतात, आणि मग लष्कर भागातल्या मराठी घरांच्या बैठकीपासून बाड्यावरच्या चहाच्या टपरीपर्यंत तीच दोन वाक्ये एकमेकांवर आदळत राहतात. एक पक्ष म्हणतो, या माणसांनी लोकशाही वाचवली, त्यांना सरकार देईल तितके थोडेच. दुसरा म्हणतो, एकोणीस महिने सरकारी भाकरी खाल्ली आणि आता जन्मभर सरकारी पैसा खात आहेत. २०२४ मध्ये केंद्र सरकारने हा दिवस ‘संविधान हत्या दिवस’ म्हणून जाहीर केला, तेव्हापासून दोन्हीकडचे आवाज आणखी चढले आहेत.

माझ्या मते हे दोन्ही पक्ष एकाच माणसाकडे बघत भांडतात आणि त्याच्या पाठीमागे उभे असलेले घर दोघांनाही दिसत नाही. राजकीय तुरुंगवासाचा मोठा वाटा तुरुंगाच्या बाहेर भोगला जातो. तो सुटकेच्या दिवशी संपत नाही आणि बंद्याच्या मृत्यूनंतरही संपत नाही. म्हणून राज्याचे जे काही देणे निघते ते ‘सेनानी’ला सन्मान म्हणून द्यायचे आणि त्याच्या पश्चात पत्नीला निम्मा वाटा म्हणून चालू ठेवायचे, ही रीतच मुळात चुकलेली आहे. घराचा दावा स्वतंत्र आहे, आणि त्या दाव्यात पैशाच्या आधी कागद येतो. मी स्वतः मिसाबंद्याच्या घरात वाढलो आहे, तेव्हा मी तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकतो.

आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाने मोजलेले आकडे सर्वांना उपलब्ध आहेत. मिसाखाली ३४,९८८ आणि भारत संरक्षण नियमांखाली, म्हणजे बोलण्यातल्या ‘डीआयआर’खाली, ७५,८१८, एकूण १,१०,८०६ माणसे. आयोगाने माणसे मोजली, घरे मोजली नाहीत. मोजायची म्हटली असती तरी कशी मोजणार होते? आमच्या घरापुरते सांगतो. जुलै १९७५ मध्ये एका रात्री बाबांना नेले, तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. ते एका खासगी शाळेत शिकवत असत. पुढच्या महिन्यापासून पगार बंद झाला. आईच्या पाटल्या आधी गेल्या, मग तिने शिलाईचे काम घेतले. दादा विज्ञान शाखेच्या पहिल्या वर्षाला होता. त्याने कॉलेज सोडले आणि तो दौलतगंजातल्या एका कापडाच्या दुकानात हिशेब लिहायला बसू लागला. ताईच्या लग्नाची बोलणी एका ठिकाणी जवळजवळ पक्की झाली होती. त्या मंडळींनी काही कारण न सांगता येणे थांबवले. मला सांगण्यात आले होते की शाळेत कुणी विचारले तर बाबा नाशिकला आत्याकडे गेले आहेत म्हणायचे. नऊ वर्षांच्या मुलाला दीड वर्ष एकच खोटे बोलायला लावले, की त्याला त्या खोट्याची सवय होते आणि खरे बोलण्याची लाज वाटू लागते. बाबा सुटून आल्यावरही कुणी विचारले की माझ्या तोंडातून आधी ‘नाशिक’ येत असे.

यात विलक्षण असे काही नाही, आणि मला तेच सांगायचे आहे. हजारो घरांत हेच झाले. पण एक गोष्ट या प्रकारच्या घरातच घडते. आत असलेल्या माणसापुढे मधूनमधून एक कागद येत असे: सरकारच्या कार्यक्रमाला पाठिंबा आहे, पुढे राजकारणात भाग घेणार नाही, अशा अर्थाचे हमीपत्र. सही करा आणि घरी जा. बाबांनी सही केली नाही, ही गोष्ट आमच्या घराण्याची शान म्हणून नातेवाइकांत सांगितली जाते. जी सांगितली जात नाही ती अशी की आईने भेटीच्या वेळी त्यांना सही करा म्हणून सांगितले होते. त्या एका भेटीतले ते वाक्य पुढची चाळीस वर्षे आमच्या घरात राहिले. बाबांनी ते कधी बोलून दाखवले नाही, आणि आईने ते कधी परत घेतले नाही. ज्याने सही केली त्याच्या घरात भित्रेपणाची कुजबुज राहिली, ज्याने केली नाही त्याच्या घरात हे. राज्याने तो कागद पुढे करून प्रत्येक संसाराच्या मधोमध एक प्रश्न ठेवला, ज्याचे कोणतेही उत्तर बरोबर नव्हते. दादाने आपल्या मुलीला लहानपणापासून एकच धडा दिला आहे, कशावरही सही करू नकोस. ती आज पुण्यात चांगल्या नोकरीवर आहे, सोसायटीच्या पाणीप्रश्नाच्या निवेदनावरसुद्धा सही करत नाही, आणि हे आपल्यात कुठून आले हे तिला परवापरवापर्यंत माहीत नव्हते.

आता विरुद्ध बाजूचे सर्वांत बळकट मुद्दे. पहिला असा की ही सगळी योजना पक्षाची आहे. हे मान्य करायलाच हवे. मध्य प्रदेशात जयप्रकाश नारायण यांच्या नावाचा सन्माननिधी २००८ मध्ये सुरू झाला, २०१८ मध्ये त्याला कायद्याचे रूप मिळाले, आणि सरकार बदलताच २०१९ च्या आरंभी पडताळणीचे कारण सांगून तो थांबवण्यात आला. महाराष्ट्रात २०१८ मध्ये सुरू झाला, २०२० मध्ये बंद पडला, २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाला. जी रक्कम मंत्रालयातल्या खुर्चीबरोबर ये-जा करते तिला ऋण फेडणे म्हणता येत नाही. ती आपल्या माणसांची काढलेली आठवण असते. पण यातून निघणारा निष्कर्ष लोक उलटा काढतात. देणाऱ्याचा हेतू संशयास्पद आहे म्हणून घेणाऱ्याचा दावा खोटा ठरत नाही. उलट, दावा खरा असल्यामुळेच तो पक्षाच्या मर्जीवर टांगून ठेवणे लाजिरवाणे आहे. महाराष्ट्राच्या निर्णयात एक महिन्याहून अधिक काळ आत असलेल्याला दरमहा १०,००० रुपये आणि त्याच्या पश्चात पत्नीला ५,००० असा हिशेब होता. आमच्याकडेही पत्नीच्या वाट्याला निम्मेच येते. हे निम्मे कोणत्या तराजूने ठरले? त्या दीड वर्षात तिने निम्मेच भाडे भरले होते काय, की मुलांना निम्मे जेवण दिले होते?

दुसरा मुद्दा मला अधिक छळतो. देशातल्या तुरुंगांत आज दर चार कैद्यांपैकी सुमारे तीन कच्चे कैदी आहेत, ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही. त्यांपैकी बहुतेक गरीब आहेत, आणि त्यांच्याही बायका पाटल्या विकतात, ज्यांच्याकडे त्या असतात त्या. मग राजकीय बंद्याच्या मुलाचे अश्रू अधिक खारट कसे? ते तसे नाहीत. दुःखाच्या मापाने बघितले तर राजकीय घराला कोणतेही वेगळे स्थान मिळू शकत नाही, आणि जे मिसाबंदी आपला त्याग इतरांच्या दुःखापेक्षा उंच ठेवतात त्यांच्याशी मी सहमत नाही. फरक दुसरीकडे आहे. चोरीच्या आरोपात पकडलेल्याच्या मुलाला निदान आरोप ठाऊक असतो. तो खोटा असेल तर तो खोटा आहे असे म्हणायला जागा असते, वकील असतो, तारीख असते. २९ जून १९७५ च्या अध्यादेशाने मिसात जी दुरुस्ती केली तिच्यामुळे स्थानबद्धतेची कारणे बंद्याला कळवण्याची गरजच उरली नाही. पुढे तर ती कारणे न्यायालयापुढेही उघड करायची नाहीत, अशी सोय झाली. म्हणजे घराला जी शिक्षा झाली तिचे नावच घराला माहीत नव्हते. अशा वेळी मूल काय करते? ते स्वतः कारण शोधते. मला कित्येक महिने वाटत होते की बाबांनी शाळेचे काही पैसे घेतले असावेत. ही गोष्ट मी त्यांना कधीच सांगितली नाही.

आणि याच कसोटीने बघितले तर कच्च्या कैद्याच्या घराशी आमचे नाते तुटत नाही, उलट जुळते. जिथे आरोपपत्राशिवाय किंवा खटला सुरू न होता वर्षेच्या वर्षे जातात तिथे तोही मिसाचाच धाकटा भाऊ समजावा. जनता सरकारने १९७८ मध्ये मिसा रद्द केला. १९८० मध्ये राष्ट्रीय सुरक्षा कायदा आला, ज्यात आजही आरोपाविना बारा महिने स्थानबद्ध ठेवता येते. यूएपीएखालील, म्हणजे बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायद्याखालील, जामिनाची अवस्था सर्वज्ञात आहे. त्याच कायद्याखाली पकडलेले चौऱ्याऐंशी वर्षांचे फादर स्टॅन स्वामी जुलै २०२१ मध्ये न्यायालयीन कोठडीतच वारले, त्यांचा खटला उभाही राहिला नव्हता. २५ जूनला शाल पांघरणाऱ्या कुणाला, आज आत असलेल्या आणि आपल्याला न पटणाऱ्या माणसाच्या मुलीविषयी बोलताना मी क्वचितच ऐकले आहे. तिनेही शाळेत नाशिकला जाण्यासारखे काहीतरी सांगितलेच असेल.

तिसरा आक्षेप थट्टेच्या सुरात येतो: तुरुंगवास हा तर राजकारणातला सर्वांत चांगला वारसा, त्यावर घराणी उभी राहिली. लालूप्रसादांनी १९७६ मध्ये जन्मलेल्या मुलीचे नावच मिसा ठेवले आणि ती पुढे खासदार झाली. खुद्द आमच्या शहरात राजमाता विजयाराजे शिंदे तिहारमध्ये राहून आल्या आणि त्यांच्या घराण्याची सत्ता कमी झाली नाही. हे खरे आहे, पण पूर्ण खरे नाही. त्याच राजवाड्यात आई आणि मुलगा वेगवेगळ्या पक्षांत गेले, त्यांच्यातले अंतर साऱ्या देशाने पाहिले, आणि २०२० मध्ये नातू आजीच्या पक्षात आला तेव्हा वर्तमानपत्रांनी ‘घरवापसी’ लिहिले. त्या दुराव्याला आणीबाणी हे एकच कारण होते असे मी म्हणणार नाही. पण राजवाड्यात जे मथळ्यांत छापून येते ते साध्या घरात ओट्यापाशी घडते आणि तिथेच राहते. यशस्वी झालेल्या दहा घराण्यांकडे बोट दाखवणे म्हणजे लॉटरी लागलेल्यांची मुलाखत घेऊन तिकिटाची किंमत ठरवण्यासारखे आहे.

शिवाय वारशातून नेहमी चांगलेच येते, हा मिसाबंद्यांच्या बाजूचा आवडता समज तरी कुठे टिकतो? तुरुंगातल्या बापाची मुलगी म्हणून वाढलेली भारतातली सर्वांत प्रसिद्ध व्यक्ती कोण, याचे उत्तर अवघड नाही. वडील एकूण सुमारे नऊ वर्षे इंग्रजांच्या कैदेत, आईही आत जाऊन आलेली, मुलीचे शिक्षण बापाच्या तुरुंगातल्या पत्रांतून चाललेले, आणि पुढे १९४२–४३ मध्ये ती स्वतः नैनीच्या तुरुंगात. त्याच इंदिरा गांधींनी १९७५ मध्ये लाखावर घरांतली माणसे उचलली. कैदेच्या घरातून लोकशाहीची ओढ घेऊन माणसे बाहेर पडतात हे जितके शक्य आहे तितकेच हेही शक्य आहे, की एकटेपणाने वाढलेले मूल पुढे कुणावरच विश्वास ठेवत नाही. त्यांच्या निर्णयाला हे एकच कारण होते असे म्हणणे बालिश ठरेल. पण त्याग आपोआप पुण्य म्हणून पुढच्या पिढीत उतरतो, असे म्हणणाऱ्यांनी या एका उदाहरणाचे उत्तर द्यावे. म्हणूनच बंद्यांच्या मुलानातवंडांना सवलती, राखीव जागा, वेगळे ओळखपत्र अशा ज्या मागण्या अधूनमधून होतात त्यांना माझा विरोध आहे. दुखणे वारशाने येते. त्यावर उपाय म्हणून मान वारशाने देणे म्हणजे नवे मानकरी तयार करणे.

सत्तेने आपल्या बंद्यांच्या वारसांशी हिशेब कसा मिटवावा, याचे धडे तर आमच्या किल्ल्यावरच आहेत. शिखांचे पाचवे गुरू अर्जनदेव १६०६ मध्ये जहांगीरच्या कैदेत मरण पावले. त्यांचे पुत्र हरगोविंद यांना त्याच बादशहाने ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर डांबले. दाता बंदी छोड गुरुद्वारा ज्या आठवणीवर उभा आहे ती सांगते की त्यांनी सुटताना बावन्न राजांना बरोबर सोडवून नेले. पुढे औरंगजेबाने भाऊ मुराद याला इथेच मारले आणि दुसरा भाऊ दारा याचा थोरला मुलगा सुलेमान शुकोह हाही १६६२ मध्ये इथेच संपला. दाराचा धाकटा मुलगा सिपिहर शुकोह आणि मुरादचा मुलगा ईजद बख्श यांना मात्र १६७२–७३ च्या सुमारास बादशहाने आपल्या मुली दिल्या. बापांना मारायचे, मुलांना जावई करायचे, आणि बापाच्या मरणाविषयी कधी एक शब्द काढायचा नाही. मोगली सन्माननिधीच म्हणायचा तो. इंग्रजांनीही हेच केले. राणी लक्ष्मीबाई इथे पडल्यावर त्यांचा दत्तक मुलगा दामोदरराव काही काळ रानोमाळ भटकला आणि शेवटी इंदूरला स्थिरावला. सरकारने त्याला वर्षाला १०,००० रुपये बांधून दिले, पण त्याच्या नावे खजिन्यात असलेली रक्कम दिली नाही आणि झाशीवरचा हक्क तर नाहीच. मेहेरबानी म्हणून द्यायला सत्तेला कधी जड जात नाही. जड जाते ते हक्क मान्य करायला, कारण हक्क मान्य केला की चूक मान्य करावी लागते.

चूक मान्य करणे अशक्य असते असेही नाही. २८ एप्रिल १९७६ रोजी आमच्याच राज्यातल्या जबलपूरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाचांपैकी चार न्यायमूर्तींनी निकाल दिला की आणीबाणीत स्थानबद्धाला न्यायालयाचे दारही ठोठावता येणार नाही. एकट्या हंसराज खन्नांनी विरोधी मत लिहिले. त्या चारांत यशवंत विष्णू चंद्रचूड होते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी, एकेचाळीस वर्षांनी, त्यांचे पुत्र धनंजय चंद्रचूड यांनी खासगीपणाच्या खटल्यात तो निकाल गंभीरपणे चुकीचा ठरवून मोडीत काढला. त्या दिवशी मला खरोखर आनंद झाला, आणि नंतर एक विचार मनात आला जो अजून जात नाही. न्यायमूर्तींच्या घरात दुसऱ्या पिढीला वडिलांचे लिखाण समोर ठेवून, वाचून, त्यातले काय चुकले ते सांगण्याची संधी मिळाली. बंद्याच्या घरातल्या दुसऱ्या पिढीसमोर वाचायला काय आहे? माझ्या वडिलांना का नेले, कुणाच्या अहवालावरून नेले, त्या अहवालात काय लिहिले होते, हा कागद आमच्या घरात कुणीही पाहिलेला नाही.

म्हणून माझी मागणी साधी आणि स्वस्त आहे. ज्या घरांना हवे असेल त्यांना १९७५–७७ च्या स्थानबद्धतेचा मूळ आदेश, त्यामागची कारणे आणि घराशी झालेला पत्रव्यवहार, यांची प्रत मिळावी. अडवून ठेवलेली पत्रे असतील तर तीही. माहितीच्या अधिकाराचा कायदा बहुतेक बाबतींत वीस वर्षांपूर्वीच्या माहितीवरची गुप्तता उठवतो, तेव्हा तत्त्वाचा अडथळाही फारसा नाही. पैसा द्यायचा असेल तर तो नुकसानभरपाई म्हणून, एकदा, कायद्याने ठरवून आणि पत्नीला तिच्या स्वतःच्या नावाने द्यावा. हे काही अपरिचित नाही. अधिवेशनाला जाताना अडवून ठेवलेले काश्मीरचे आमदार भीमसिंह यांना सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये ५०,००० रुपये दिले ते सन्मान म्हणून नव्हेत, बेकायदा अटकेची भरपाई म्हणून. १९९३ मध्ये पोलीस कोठडीत मुलगा गमावलेल्या नीलाबती बेहरा यांना दीड लाख रुपये मिळाले, आणि तिथे दावा थेट आईचा होता. तिला कुणी निम्मे दिले नाही.

या मागणीवर एक आक्षेप येतो, आणि तो मी स्वतःच मांडतो, कारण तो मला रात्री जागवतो. त्या फायलींत नावे असतील. कुणी कळवले, कुणी साक्ष दिली, कुणी बाबांच्या सायकलीवरची पत्रके पाहिली. ही माणसे परकी नव्हती. एका गल्लीतली, एका शाखेतली, एका नळावर पाणी भरणारी होती. त्यांतली बहुतेक आता नाहीत, पण त्यांची मुले आहेत, आणि बापाच्या कैदेचा भार मुलाने वाहू नये म्हणणाऱ्या मला, बापाच्या चुगलीचा भार दुसऱ्या मुलावर टाकण्याचा काय अधिकार? पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांच्या फायली जानेवारी १९९२ मध्ये लोकांना वाचायला मिळाल्या, तेव्हाही हेच सांगितले गेले होते की शहरे पेटतील, सूड घेतले जातील. काही मैत्र्या तुटल्या, काही लग्ने मोडली; शहरे पेटली नाहीत. तरीही कळवणाऱ्यांची नावे झाकून प्रती द्याव्यात, या मताला मी आलो होतो.

हे सगळे मी लिहिण्यापूर्वी आईला वाचून दाखवले. ती आता नव्वदीच्या घरात आहे. नावे झाकण्याच्या मुद्द्यावर तिने मला थांबवले आणि म्हणाली, “नाव झाकलं काय नि न झाकलं काय, मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. त्यांच्याकडे पन्नास संक्रांतींना तिळगूळ पाठवलाय मी. त्यांनी काय लिहिलं होतं, तेवढं मला वाचायचंय.”